आधी चेहरा बाजूला ठेव

सेलूजवळच्या एका गावातून एका मुलीनं विचारलंय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दादाचा जुना डीएसएलआर घरात पडून आहे, सोबत १८-५५ची झूम लेन्स. मला स्वतःचेच फोटो काढायचेत, पण सेल्फीसारखे नकोत. कितीही काढले तरी सगळे एकसारखे येतात. माझा चेहरा फोटोत चांगला येत नाही. शेतात ट्रायपॉड लावला की लोक हसतात. काय करू? चांगला कॅमेरा घेऊ का?"

कॅमेरा घेऊ नकोस. हे उत्तर एका ओळीत संपतं म्हणून आधी देऊन टाकलं. बाकीच्याला वेळ लागेल, चहा घेऊन बस.

मी अंबाजोगाईत स्टुडिओ चालवते, २३ वर्षं झाली. लग्न, बारसं, डोहाळजेवण, पासपोर्ट साइज, यावर पोट चालतं. वर्षातून पंधरा-वीसदा एक काम हमखास येतं. कुणाची तरी आई नाहीतर आजी वारलेली असते, दहाव्याच्या आत भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा असतो, आणि मुलगा एक ग्रुप फोटो पुढं करतो. "यातून आईला तेवढं काढा." आई दुसऱ्या रांगेत, अर्धा कान कुणाच्या तरी फेट्यामागं, कडेवर नातू. मी नातवाला काढते, फेटा काढते, दिसणारा कान उलटा करून न दिसणाऱ्या बाजूला बसवते, मागं निळा रंग भरते. बाई सत्तर वर्षं जगली आणि तिचा एकटीचा एक फोटो नाही. आमच्याकडं बाईचा एकटीचा फोटो निघतो तो स्थळ दाखवायला. त्यानंतर एकदम हार घालायला, तोही असा कापून काढलेला.

असंच एक काम करता करता लक्षात आलं की माझी गत वेगळी नाही. फोटो काढणारी मीच, त्यामुळं घरातल्या अल्बममध्ये मी कुठंच नाही. त्या रात्री दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, निळ्या पडद्यापुढं स्टुलावर बसले, कॅमेरा टायमरवर टाकला. आला काय, तर पासपोर्टचा फोटो! खांदे सरळ, हनुवटी किंचित खाली, ओठ मिटलेले. गिऱ्हाइकांना हजारो वेळा जो चेहरा करायला लावला तोच माझ्यावर येऊन बसला होता. वीस काढले, वीसही तेच.

तुझे फोटो एकसारखे येतात ते याच कारणानं. कॅमेरा दिसला की आपला एक ठरलेला चेहरा होतो. माझ्या पिढीचा पासपोर्टचा, तुझ्या पिढीचा सेल्फीचा. मग ड्रेस बदल, जागा बदल, फिल्टर बदल, फोटो काही बदलत नाही. म्हणून माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरापोरींना पहिलं काम एकच देते. महिनाभर स्वतःचे फोटो काढायचे आणि एकाही फोटोत चेहरा दाखवायचा नाही. आठवडाभर तोंडं पाडून फिरतात बिचारी. मग हळूहळू त्यांचं लक्ष इकडंतिकडं जायला लागतं.

सावलीपासून सुरू कर. फुकट आहे, आणि सावलीला फोटोचा चेहरा करता येत नाही. फक्त वेळ कळली पाहिजे. डिसेंबरात आपल्याकडं भर बारालाही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेला कललेला राहतो. तुझी उंची साडेपाच फूट असेल तर दुपारचीही सावली पाच फुटांच्या आसपास पडते. तेच मेच्या मध्यानंतर एक दुपार अशी येते की सावली पायाखाली गडप होते. तेव्हा उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर, हिवाळ्यात दिवसभर. आणि सावली कशावर पडते याला फार महत्त्व आहे. कोऱ्या भिंतीवर ती नुसती आकृती असते. नांगरलेल्या रानात ढेकळांवर ती तुटते, पत्र्याच्या पन्हळीवर लाटांसारखी वाकते, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली तर अंगावर नक्षी उठते. माझा स्वतःचा लाडका प्रकार दोरीवरच्या साडीचा. सुती साडी एकेरी पसरून वाळत घाल, सूर्य तुझ्या पाठीशी ठेव, तू साडीच्या पलीकडं उभी राहा, कॅमेरा अलीकडं. कापडाजवळ सरकलीस की कडा धारदार होते, मागं सरकलीस की विरघळते. वारा असेल तर दर फोटोत वेगळी बाई उभी राहते.

मग हात. तुला केमिस्ट्री असेल तर प्रॅक्टिकलला सिल्व्हर नायट्रेटनं बोटं कधीतरी काळी झालीच असतील. तो डाग उजेडात काळा पडतो तो चांदीच्या क्षारांच्या गुणामुळं, आणि फिल्मवरची सगळी फोटोग्राफी याच गुणावर उभी होती. त्या काळ्या बोटांचा फोटो काढ, खिडकीशी, वहीच्या कोऱ्या पानावर हात ठेवून. तुझ्या घरात असा फोटो दुसऱ्या कुणाचा निघू शकत नाही.

प्रतिबिंबाला आरसाच लागतो असं नाही. लोखंडी कढई घे, काळी झालेलीच घे, काठोकाठ पाणी भर. तळ काळा असला की पाण्यात प्रतिबिंब स्वच्छ उमटतं. स्टीलच्या परातीत तळच चमकतो आणि तू फिकी पडतेस. कढई सावलीत आणि तोंड उजेडात, हे जमलं पाहिजे, म्हणून ओसरीच्या कडेला बस. आता गंमत बघ. पाण्यावर कडुनिंबाचं पान सोड. पानावर फोकस केलास तर प्रतिबिंब धूसर होतं, प्रतिबिंबावर केलास तर पान. कारण कॅमेऱ्याच्या लेखी तू पाण्याच्या पृष्ठावर नाहीस, पाण्याच्या खाली आहेस, जेवढी वर तेवढीच खाली. आरशातही हेच. कॅमेरा आरशापासून तीन फुटांवर आणि तूही तीन फुटांवर असशील तर फोकस सहा फुटांचा हवा. ऑटोफोकस मात्र आरशावरची धूळ नाहीतर चौकट पकडून बसतो आणि माणूस म्हणतो लेन्स खराब आहे.

आता एका फोटोबद्दल जरा सावकाश सांगते, कारण बहुतेक सगळं मी त्या एका फोटोत शिकले.

माझं माहेरचं घर माळवदाचं, म्हणजे जड मातीच्या सपाट छताचं. मधल्या खोलीला खिडकी नाही, छताला उजेडापुरतं एक भोक, आमच्याकडं त्याला सवणं म्हणतात. थंडीत सकाळी दहा-साडेदहाला त्यातून कवडसा उतरतो, ताटाएवढा. आधी भिंतीवर, मग कणगीवर, मग खाली शेणानं सारवलेल्या भुईवर. लहानपणी त्यात हात धरून आम्ही भांडायचो, कुणाचा हात जास्त लाल दिसतो म्हणून. मला त्या कवडशात बसायचं होतं. पहिल्या दिवशी कॅमेरा लावून टायमर दाबून पळाले, आणि फोटोत आलं ते असं: खोली राखाडी, मी राखाडी, आणि गालावर पांढरा फटक डाग, जणू चुना उडालाय. कॅमेऱ्यानं सगळ्या अंधाऱ्या खोलीचा हिशेब करून उजेड वाढवून घेतला होता. दुसऱ्या दिवशी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायचं सेटिंग, दोन पायऱ्या खाली घेतलं. खोली काळोखात गेली आणि कवडसा जिवंत झाला. (मोबाइलवर काढणार असशील तर उजळलेल्या भागावर बोट दाबून धर, लॉक झालं की सूर्याची खूण खाली ओढ. तेच होतं.)

पण कवडसा थांबत नाही. पहिल्यांदा वाटलं मीच हलतेय. मग भुईवर खडूनं रेघ मारून बघितलं, तर दर मिनिटाला साधारण बोटभर सरकत होता. म्हणजे फोकस करून, पळून, बसून, श्वास घेईपर्यंत तो कानावरून गळ्यावर गेलेला. चौथ्या दिवशी मी पाठलाग सोडला. तो जिथं दहा मिनिटांनी येणार तिथं आधीच जाऊन बसले, कॅमेरा दर पाच सेकंदांना एक फोटो काढायला लावला आणि वाट बघितली. खांदा, मान, जबडा, कान, असा तो माझ्यावरून गेला. आईनं शेजारच्या खोलीत गोधडी झटकली, धूळ आली, आणि उजेडाचा अख्खा खांब दिसायला लागला. एकशेवीस फोटोंतला एकच ठेवला. त्यात माझा अर्धा कान आणि मानेवरचा एक तीळ एवढंच दिसतं. बाकी अंधार. तो तीळ मला आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

गावात माळवदाची घरं आता कमी उरलीत, किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं तर लोकांनी जड छपरांची धास्तीच घेतली. पण पत्र्याला खिळ्याचं भोक असतं, कुडाला फट असते, न्हाणीघराला जाळी असते. उजेड लहान करून घेता आला की झालं.

तांत्रिक भाग उरकून टाकते. एकटीनं फोटो काढताना नव्वद टक्के बिघाड फोकसचा असतो, कारण फोकस करताना तिथं तू नसतेस. खुर्चीला खराटा टेकवून तू जिथं येणार तिथं उभा कर, खराट्यावर फोकस कर, मग लेन्सवरचं बटण एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (हातानं फोकस) सरकव, खराटा काढ, तिथं जाऊन उभी राहा. एमएफवर सरकवायला विसरलीस तर टायमरसाठी बटण दाबताना कॅमेरा पुन्हा फोकस शोधतो आणि मागची भिंत पकडतो. १८-५५ला ३५वर ठेवून, एफ ८ (म्हणजे लेन्सचं भोक लहान) धरून, आठ फुटांवर उभी राहिलीस तर पुढं-मागं हातभर हललीस तरी चालतं. एवढं पुरे आहे. मागचं धूसर करायच्या नादात पोरं १.८ची, मोठ्या भोकाची लेन्स घेतात आणि डोळ्याऐवजी कानाची पाळी फोकसमध्ये घेऊन घरी येतात.

रिमोट काही शे रुपयांत मिळतो, घे. मोबाइलला तर वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटणही बऱ्याचदा शटर दाबतं. ट्रायपॉड नसला तरी दोन किलो ज्वारीची पिशवी शिव आणि खिडकीत, बांधावर, दगडावर ठेवून कॅमेरा तिच्यात रुतव. मी अजून तीच वापरते. (सासूबाई दर दिवाळीला ज्वारी मोजून परत मागतात.) आणि काळ्या रानात ट्रायपॉड लावणार असशील तर पायांखाली विटेचे तुकडे ठेव. पावसानंतर पाय रुततात, उन्हाळ्यात भेगेत जातात. माझा कॅमेरा एकदा असाच हरभऱ्यात तोंडावर आपटलाय, लेन्सची कडा अजून चेपलेली आहे. मी टायमरवर बाभळीकडं पळत होते, पदर काट्यात अडकला, मागं वळून बघते तर ट्रायपॉड सावकाश झोपत होता.

लाइट गेल्यावर कुरकुर करू नकोस, ती वेळ कामाची. मॅन्युअल मोड, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, एफ ११, शटर ८ सेकंद. खोलीत एक मेणबत्ती. निम्मा वेळ स्तब्ध उभी राहा, मग चालत फ्रेमबाहेर जा. तुझ्यातून मागची भिंत दिसते. शटर ३० सेकंदांवर नेऊन एकाच फोटोत दोन-तीन जागी बसताही येतं; बसलीस तिथं टॉर्च दोन सेकंद स्वतःवर मार, विझव, जागा बदल. टॉर्चचं तोंड कॅमेऱ्याकडं गेलं की पांढरी रेघ उमटते. ती कधी बिघाड असते, कधी तीच बरी दिसते. जोडकाम मोबाइलवर करायचं असेल तर स्नॅपसीडमध्ये डबल एक्स्पोजर आहे. पण मला विचारशील तर एका फोटोत पाच-पाच आपण बसवायचा खेळ दोनदा करून सोडून द्यावा. बघणारा मोजतो आणि पुढं जातो.

तुला वाटत असेल की हे मोबाइलच्या काळातलं खूळ आहे, तर तसं नाही. १८३९मध्ये फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणानं घरच्या दिव्यांच्या दुकानामागं कॅमेरा लावला, झाकण काढलं, समोर जाऊन मिनिटभर तरी निश्चल राहिला. केस विस्कटलेले, हात छातीशी, नजर तिरकी. जगातल्या पहिल्यावहिल्या सेल्फ पोर्ट्रेटपैकी तो एक. तुझी टायमरची धावपळ तेव्हापासूनची आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये इपोलित बायार यानं स्वतःचा बुडून मेलेल्या माणसाच्या सोंगातला फोटो काढला. फोटोग्राफीचा शोध आपणही लावला असताना सरकारनं सगळा मान दागेर या दुसऱ्या संशोधकाला दिला, हा त्याचा राग. फोटोमागं मजकूर लिहून त्यानं स्वतःच्या मृत्यूची बातमी दिली. म्हणजे स्वतःचा फोटो ही तक्रारही असू शकते, हे मला या माणसानं शिकवलं. आपल्याकडं चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमराव सिंग अनेक दशकं स्वतःचे फोटो काढत होते, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत. शिकागोची व्हिव्हियन मायर लोकांची मुलं सांभाळायची आणि येता-जाता दुकानांच्या काचांत, आरशांत, फुटपाथवर पडलेल्या सावलीत स्वतःला टिपायची. लाखाहून जास्त निगेटिव्ह मागं राहिल्या, जिवंतपणी तिनं त्या कुणाला फारशा दाखवल्या नाहीत.

आणि एक आपल्या जवळचं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा लाला दीनदयाळ हे तिथले नावाजलेले फोटोग्राफर. त्यांनी १८९२मध्ये हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. आत पुरुषांना मज्जाव, फोटो काढायलाही बाईच, केनी-लेव्हिक नावाची. त्या भिंतींच्या आत बायका कॅमेऱ्याकडं कशा बघत असतील याचा मी पुष्कळदा विचार करते. कॅमेऱ्यामागं कोण आहे यावर समोरच्याचा चेहरा ठरतो, हे मी रोज बघते. पतीपत्नी फोटोला आली की नवऱ्याला जरा बाहेर चहाला पाठवते. बाईचा खांदा दोन इंच खाली येतो. तुझ्या फोटोत तर कॅमेऱ्यामागं कुणीच नाही. एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्या फोटोत मिळते?

महिना संपला की चेहरा परत आण. "चेहरा चांगला येत नाही" याचं आता सांगते, कारण यातला निम्मा दोष अंतराचा आहे. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेऱ्याला नाक सगळ्यात जवळ पडतं, कान लांब. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८मध्ये हिशेब मांडला होता: ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरून काढलेल्यापेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. नाक तुझं ठीक आहे, कॅमेरा लांब ठेव. सहा-सात फुटांवर ठेव आणि लेन्स ५५वर फिरव. उरलेल्यातला काही भाग आरशाचा. आपण जन्मभर स्वतःला उलटं बघतो, भांग डावीकडं तर डावीकडंच, आणि फोटोत तो उजवीकडं गेला की परक्या बाईला बघतोय असं वाटतं. मैत्रिणींना विचार, त्यांना तोच फोटो बरोबर वाटेल.

आणि उरलेला भाग रंगाचा. "ताई, जरा गोरं करा" हे मी दिवसातून चारदा ऐकते. स्थळाच्या फोटोला केलंयही, खोटं कशाला बोलू. नंतर त्यातल्याच एकीनं मला सांगितलं, बघायला आलेल्या बाईनं दारातच फोटो आणि तिला आळीपाळीनं बघितलं. तेव्हापासून करत नाही, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. तुझ्या मोबाइलचा ब्युटी मोड आधी बंद कर. सावळ्या रंगाला उजेड वरून ओतायचा नसतो, कडेनं लावायचा असतो. खिडकीला काटकोनात बस, दुसऱ्या बाजूला पांढरा टॉवेल खुर्चीवर टाक, तो उजेड परतवतो. टॉवेल काढून काळी चादर टाकून बघ. गालाचं हाड उठून येतं. दोन्ही फोटो शेजारी ठेव आणि कुठली तू आहेस ते ठरव. दोन्ही असू शकतात.

चेहऱ्याचे फोटो काढताना टायमरचा पहिला क्लिक कधीच घेऊ नकोस. तो ठरलेला चेहरा असतो. कॅमेऱ्याला एकापाठोपाठ आठ-दहा काढायला लाव, नाहीतर मोबाइलवर फोर-के व्हिडिओ कर आणि त्यातली फ्रेम उचल, आठ मेगापिक्सेलची मिळते. तोपर्यंत काहीतरी खरं काम कर. वेणी घाल, शेंगा फोड, पाढे म्हण. मी तेवीसचा पाढा म्हणते. तेवीस साते एकशे एकसष्टला दर वेळी अडखळते आणि तिथंच बरा फोटो मिळतो.

जागांसाठी लांब जायला नको. वेरूळ-अजिंठ्याला जाऊन लोक कॅमेरे रिकामे करून येतात. अजिंठ्याच्या चित्रांपुढं फ्लॅश चालत नाही, संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडला परवानगी लागते, आणि शंभर माणसांच्या रांगेत स्वतःशी काही बोलणं होत नाही. तुझ्या सेलू तालुक्यातच वालूरची बारव आहे, गोल गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची. तिथं स्वतःला मोठं दाखवू नकोस. वरून कॅमेरा खाली झुकवून, लेन्स १८वर, आणि तू त्या फिरत्या पायऱ्यांत कुठंतरी ज्वारीच्या दाण्याएवढी. दुपारी बाराच्या आसपास ऊन खोलवर उतरतं, सकाळी निम्मी बारव अंधारात असते. सोबत कुणीतरी असलंच पाहिजे, पायऱ्या ओल्या असतील तर उतरूच नकोस. विहिरीचा कठडा, रेल्वे रूळ, धरणाची भिंत, यांवर फोटो नाही म्हणजे नाही. रानात एकटी जाणार असशील तर घरी जागा सांगून जा, आणि फोटो टाकायचा तर दोन दिवसांनी टाक, जागेचं नाव न लिहिता.

राहिले हसणारे लोक. हसतात, खरं आहे. कॅमेऱ्यामागं माणूस असला की कुणी काही म्हणत नाही, एकटी बाई कॅमेऱ्यापुढं दिसली की सगळ्या गावाला प्रश्न पडतो. यावर माझ्याकडं युक्ती नाही, फक्त एक अनुभव आहे. हुरड्याच्या दिवसांत बांधावर कॅमेरा लावून मी ज्वारीत उभी होते, आणि शेजारच्या रानातली म्हातारी काठी टेकत आली.

"काय करायलीस गं बाई, एकटीच उन्हात?"

"फोटो काढायलेय, आजी."

"कुणाचा?"

"माझाच."

तिनं कॅमेऱ्यामागं जाऊन बघितलं. "मंग हितं तर कोणीच न्हाई. तू बघायलीस कुणाकडं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी पुढं काढलेल्या एकाही फोटोत मी लेन्सकडं बघितलं नाही. आजीच्या हातात मात्र मी रिमोट दिला, ज्वारीत उभं केलं आणि सांगितलं, वाटेल तेव्हा दाबा. तिनं पदर नीट केला, काठी खाली टाकली, आणि बराच वेळ काही दाबलंच नाही. मग एकदम सात-आठदा दाबलं. पहिल्या फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत. तिला तोच हवा होता. पुढच्या आठवड्यात तिच्या दोघी जावा आल्या, त्यांचेही एकटीएकटीचे काढले. हसणारे नंतरही हसत होते, पण तोवर आम्ही चौघी होतो.

दादाच्या कॅमेऱ्याचं तेवढं सांगून थांबते. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी धरते. मागून टॉर्च मारून आत बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर स्वतः खोलू नकोस, दुरुस्तीवाल्याकडं दे. थोडी असेल तर फोटोवर फार फरक पडत नाही. बॅटरी फुगली असेल तर कोंबून बसवू नकोस, नवी घे. एप्रिल-मेच्या वावटळीत रानात लेन्स काढू नकोस. आणि दादाचं जुनं कार्ड फॉरमॅट करायच्या आधी त्यातले फोटो एकदा बघून घे. आईचा एकटीचा एखादा सापडला तर वेगळा काढून ठेव.